जेल म्हणजे काय

खोपटला बसच्या रांगेत माझ्या पुढे एक आई, तिची मुलगी आणि मुलगा उभे होते.

“सुटलास एकदाचा जेलमधून! वर्षाली, हा जेल शब्द आला तरी कुठून गं?”

“मूळ लॅटिन, आई. फ्रेंचमधून इंग्रजीत आला. अर्थ, छोटा पिंजरा.”

“चिंबोऱ्या धरायला खाडीत लावतो तसला?”

“तसलाच!” मुलगा हसला. “पण चिंबोरीला कोर्ट निर्दोष म्हणून सोडत नाही. मला सोडलं.”

“सोडणारच! माझा सुदेश चोर नाही, हे मी सगळ्यांना सांगून दमले.”

“दादा, बाळकुमची बस आली. चल.”

“जाऊ दे ना. आपण चालत जाऊया. मोकळं चालून वर्ष झालं.”

“चला,” आई म्हणाली, “पण गावात बाजारातून जायचं. सगळ्यांना दिसू दे.”