तारामतीचं बरोबर उत्तर

आदरणीय अध्यक्ष आप्पासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आमचे विभागप्रमुख रेवणसिद्ध सर, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

मी महानंदा. सरांच्याच विभागात शिकवते. दोन गोड शब्द बोला, असा मला निरोप होता. पण बाहेर बाया टँकरची वाट बघत घागरी घेऊन उन्हात बसल्यात आणि इथं आपण पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडलं. तिथंच तोंडातली गोडी गेली. असो.

आधीच्या वक्त्यांनी सरांच्या पुस्तकातल्या ठोकळ्याच्या उदाहरणाची फार तारीफ केली. उदाहरण खरंच सुरेख आहे. पोलादी ठोकळा, तिन्ही दिशांनी दाब; प्रत्येक बाजू किती आखडेल? पण ते मुळात सोडवलं कोणी, हे कोणी सांगितलं का?

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. मुरुडची तारामती आपल्याकडं अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. सरांनी हेच गणित परीक्षेत घातलं. त्यांच्या नमुना उत्तरात प्रत्येक दिशेचा दाब सुटा धरला होता. तारामतीनं लिहिलं, वरून दाबलेला ठोकळा बाजूंना फुगायला बघतो, म्हणून तो फुगवटा वजा केला पाहिजे. सरांनी तिला शून्य दिलं. तेवढ्यावर ती नापास झाली.

ती सरांच्या खोलीत गेली, तेव्हा तिची शिक्षिका म्हणून मी सोबत होते.

"सर, वरचा दाब बाजूला ढकलतोय की. त्यो तुम्ही धरलाच न्हाई."

"उत्तर मी लिहिलंय. तू मला शिकवून राहिलीस का?"

मी रबराचा ठोकळा आणला, कार्यशाळेतल्या व्हाइसच्या जबड्यात आवळून दाखवला. बाजू फुगल्या. सरांनी पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग मला म्हणाले, "मॅडम, गुण बदलले तर माझी इज्जत काय राहील? पोरीचं काय, उद्या लग्न होईल."

मी प्राचार्यांकडं तक्रार केली. विभागप्रमुखांचा, म्हणजे सरांचाच, निर्णय अंतिम, असं कळवण्यात आलं.

त्याच उन्हाळ्यात नव्या जिल्ह्यात कनिष्ठ अभियंत्यांची भरती झाली. तिच्या वर्गातली मुलं लागली. ती पुन्हा बसून पास झाली, तोवर जागा भरल्या होत्या. आज ती उदगीरला एका कंत्राटदाराकडं नकाशे काढते.

आणि सर? पुढच्याच वर्षी त्यांनी फळ्यावर तिचं उत्तर उतरवलं. तिच्याच पायऱ्या, तिचीच आकृती. नंतर पुस्तकात छापलं. चूक कोणाकडूनही होते, तिचा मला राग नाही. पण जिला चुकीची ठरवलं, तिचंच उत्तर स्वतःचं म्हणून मिरवायचं आणि त्यावर हार घालून घ्यायचे? मला शिसारी येते, अध्यक्ष महाराज. दुसरा सभ्य शब्द मला सापडला नाही.

तारामतीला आजचं आमंत्रण मी स्वतः जाऊन दिलं. ती म्हणाली, "मला न्हाई यायचं, बाई. तिथला पेढा बी नको. त्यांना फक्त इचारा, ते छापताना माझं नाव आठवलं का?"

सर, आता सत्काराला उत्तर द्यायला तुम्ही उठाल. म्हणून इतक्या लोकांसमोर विचारते. आठवलं का?

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभेनं ते पोटात घालावं. ही विनंती सभेला आहे. सरांना नाही.