ऐकल्याशिवाय सुतक नाही

माझं नाव इंद्राणी. घर गोव्यात, धारगळला, हायवेच्या पलीकडे, पण जन्म त्रिनिदादचा, वेस्ट इंडीज म्हणतात ना ते, क्रिकेटवालं. लग्न होऊन आले तेव्हा गावात सगळ्यांना तेवढंच ठाऊक होतं. वेस्ट इंडीजचं चेडू आणि नाव इंद्राणी कसं गो, असं वाटेत अडवून विचारायचे, चेडू म्हणजे पोरगी, आणि मी नुसती हसायची, कारण मला भाषाच येत नव्हती. भाषा सासूने शिकवली. तिला आम्ही माई म्हणतो. तिची बोली पेडण्याची, आणि मराठी मी आरत्यांच्या पुस्तकातून शिकले, म्हणून माझं बोलणं हे असं, अर्धं माईचं आणि अर्धं देवाचं. हसू नका, लिहून घ्या.

आमचे जुने लोक बिहारच्या बाजूचे. उसाच्या मळ्यात कामाला म्हणून बोटीतून नेले आणि तिथलेच झाले. गोव्याचा आणि आमचा काडीचा संबंध नाही. माझ्या बापाला आम्ही पा म्हणायचो. पा ताशेवाला. आमच्याकडचा ताशा म्हणजे मातीचं भांडं, त्यावर बकऱ्याचं कातडं, आणि वाजवायच्या आधी विस्तवाजवळ धरायचा, कातडं ताणलं पाहिजे, नाहीतर ओल्या गोणपाटासारखा आवाज येतो. आग दिल्याशिवाय कातडं बोलत नाही, असं पा म्हणायचा. आणि तालाला आम्ही ताल नाही म्हणत, हात म्हणतो. लग्नाचा हात वेगळा, फगव्याचा वेगळा, फगवा म्हणजे होळी. मुसलमानांच्या ताबुताला हिंदू पा वाजवायचा, नाताळात शेजारचे किरिस्तांव गिटार घेऊन आमच्या दारात गायचे आणि आईच्या हातची डाळपुरी खाऊन जायचे, कार्निव्हल आला की आफ्रिकेतून आणलेल्या लोकांची नातवंडं तेलाच्या पिंपांवर अशी गाणी काढायची की रस्त्यात उभं राहवत नसे. कोणी कोणाला तू कुठला म्हणून विचारत नसे. सगळेच बोटीतून उतरलेले, विचारणार काय.

मीही बोटीवरच गेले. प्रवाशांच्या बोटीवर खोल्या साफ करायला. तिथे गुरुदास भेटला, धारगळचा, भटारखान्यात होता. बोटीवर काम करणाऱ्यांना इकडे तारवटी म्हणतात. एकदा कांदा कापता कापता तो पातेल्यावर बोटांनी काहीतरी वाजवत होता, मी विचारलं हा कुठला हात, तो म्हणाला हात नाही, आरती आहे, घुमटावरची, घुमट म्हणजे आमच्याकडचं वाद्य. झालं, तिथेच बुडाले मी. पा म्हणाला जा, पण लक्षात ठेव, तुझ्या आजोबांच्या आजोबांना परत जायला मिळालं नाही, तू उलटी चाललीस.

पहिल्या शिगम्याला, म्हणजे इकडच्या फगव्याला, पेडण्यात ढोल-ताशे आले आणि मी रस्त्यात उभी राहून ढसाढसा रडले. माई घाबरली, म्हणाली काय जालां गो चेडवा, कोण काय बोललो? मी तिला खुणेने सांगितलं, हे माझ्या बापाचं आहे. तिला काय कळलं देवाला ठाऊक, पण ती ताशेवाल्यापाशी गेली आणि म्हणाली, माझ्या सुनेक एकदा वाजवक दी. बायकांनी ताशा धरायची रीत नव्हती तेव्हा, तरी मागून घेतला तिने. अशी होती माई. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला शिव्या द्याल.

मग मी घुमट शिकले. घुमट पण मातीचं, एका तोंडाला कातडं आणि दुसरं उघडं, डाव्या हाताने ते झाकायचं-उघडायचं. आगीऐवजी इथे उन्हात ठेवतात, एवढाच काय तो फरक. तुयेच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायचं काम लागलं, तिथल्या बायका मिळून आम्ही आरतीचं पथक काढलं, त्यात दोघी बेळगावच्या, एक कोल्हापूरची, आणि मी ही समुद्रापलीकडची. फोंड्याला स्पर्धेला गेलो, डिचोलीला गेलो, मांद्र्याच्या किनाऱ्यावर परदेशी लोकांचा संगीताचा मेळा होतो तिथे गेलो, तिथे माईकवरचा बाबा म्हणाला आता ऐकू या अस्सल गोव्याच्या बायका. बेळगावची माझ्या कानात म्हणाली, हे बघ, आपण अस्सल झालो. एवढं हसलो की पहिली आरती बेसूरच गेली. ते दिवस फार चांगले होते हो. मिनीबसच्या जनेलातून हात बाहेर काढून गात जायचो.

दर चवथीला, म्हणजे गणपतीत, मी पाला फोन लावायची आणि वाजवताना तो माईला धरायला द्यायची. आमची संध्याकाळची आरती म्हणजे त्याची सकाळ. तो फोन कानाला लावून बसायचा आणि नंतर चुका सांगायचा, डावा हात उशिरा पडतो तुझा, म्हणायचा. आणि दरवेळी एक गोष्ट बजावायचा. मी गेलो तर एवढ्या लांबून धावत येऊ नको, पोचणार नाहीस. फोनवर एक हात वाजव. कमल फोन माझ्या कानाला लावेल. मला उचलायच्या आधी. कमल म्हणजे माझा भाऊ. मी म्हणायची, वाजवीन पा, आता गप्प बस. पण वचन दिलं होतं मी. दरवर्षी दिलं होतं.

त्या वर्षी चवथीला गुरुदास रजेवर घरी होता. आमचा पाच दिवसांचा गणपती. सकाळी मी नेवऱ्या करत होते, करंज्या म्हणजे, हात पिठात, गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला बांधलेल्या नारळांचा आणि पानांचा वास घरभर, तेवढ्यात माझा फोन वाजला, तो गुरुदासने घेतला. मी आतून विचारलं कोण, तो म्हणाला कंपनीचे. थोड्या वेळाने येऊन म्हणाला, अगो, तुझा फोन माझ्या हातून बालदीत पडला, तांदळात घालून ठेवलाय, सुकला तर सुकला. मी चिडले, म्हटलं आजच्याच दिवशी? पा वाट बघेल ना. तुझ्या फोनवरून लाव. तो म्हणाला माझ्यावरून बाहेरचा लागत नाही, पाच दिवसांनी बघू. आणि मला खरं वाटलं. नवऱ्याचं नाही खरं मानायचं तर कोणाचं मानायचं?

काय सांगू तुम्हाला, ते पाच दिवस मी नैवेद्याला त्याच पिंपातून तांदूळ काढत होते. फोन वरच पडलेला असायचा, मी तो बाजूला सरकवायची, माप भरायची, परत झाकण लावायची. एकदाही उचलून चालू करून बघितला नाही. म्हटलं सुकू दे.

आणि वाजवलं कसं म्हणाल तर तसं मी जन्मात वाजवलं नाही. चौथ्या दिवशी पथक घेऊन घरोघर फिरलो, डावा हात एकदासुद्धा उशिरा पडला नाही, लोक दारातून सोडेनात, अजून एक म्हणा, अजून एक म्हणा. मी मनात म्हणत होते, पा, आज काढ चूक.

पाचव्या दिवशी गणपती व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पोचवून आलो. पाय चिखलाने भरलेले. मागच्या दारी माईने गरम पाण्याची बालदी ठेवली होती. म्हणाली, डोक्यावरसून न्हा गो. मी म्हटलं पाय धुते, डोक्यावरून कशाला? तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, तुझो बापूस गेलो.

मी विचारलं कधी.

चवथीच्या दिसा.

मला आधी कळेचना. मग तांदूळ आठवले. तशीच चिखलाच्या पायांनी आत गेले आणि पिंपात हात घातला. फोनला पाण्याचा थेंब लागलेला नव्हता, नुसता बंद करून ठेवलेला. चालू केला तर कमलचे फोन येऊन गेलेले, किती ते मोजले नाहीत मी. आणि त्याचे निरोप, आवाजातले. पहिल्यात, इंदू, पा गेला, फोन कर. मग, आम्ही थांबलोय, घुमट घे. मग, भटजी घाई करताहेत. मग नुसताच मागचा रडण्याचा आवाज. शेवटच्यात एवढंच, उचलला.

मी गुरुदासला काय काय बोलले ते नका लिहू. तो अंगणात निघून गेला. माई मात्र हलली नाही. देव घरात आसलो, म्हणाली. लग्न झालेल्या चेडवाक बापाचां तीन दिसांचां सुतक, मी ही अशी गुडघे धरून बसलंय, नैवेद्य कोणी करतला? आयकल्याबगर सुतक लागना ना. माझी आवय गेली तेन्ना माझ्या सासयेन माका सातव्या दिसा सांगलेला. मी काय मेलंय?

एवढं बोलून ती तिथेच जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. माझ्या बापासाठी की तिच्या आईसाठी, मी विचारलं नाही. मला तिची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. तेव्हा नाही आली.

कमल माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही. त्याला सुतक काय, ते ऐकल्यावरच कसं लागतं, किती सांगितलं. तिकडेही हिंदूच आहोत आम्ही, पण हे नियम बोटीतून उतरताना कोणीतरी पाण्यात सोडले असावेत. तो म्हणाला, तू देवाला बसलीस आणि बापाला विसरलीस. आता बोलतो, पण बापाचं नाव निघालं की दोघंही विषय बदलतो. पाचा ताशा त्याने वेगळ्या मंडळाला देऊन टाकला. मी घुमट सोडलं. पथकातल्या बायका येऊन बसायच्या, समजूत घालायच्या, माझा हातच उठेना.

आता माईचं वय झालं. गेली दोन-तीन वर्षं तिला आठवत नाही. जेवली ते आठवत नाही, पाववाला पोदेर येऊन गेला ते आठवत नाही. पण चवथ जवळ आली की बरोब्बर विचारते, बापाशीक फोन केलंस? पहिल्यांदा मी खरं सांगितलं. म्हटलं माई, तो गेला ना. तर ती आत्ताच ऐकल्यासारखी हंबरडा फोडून रडली, आणि उठून चाचपडत न्हाणीत गेली, थंड पाणी डोक्यावर ओतून घेतलं, आयकलां मा, न्हावक जाय, म्हणत. तिला तापच भरला. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, बापूस बरो आसा मां? मी म्हटलं, बरो आसा.

तेव्हापासून तेच सांगते. तिने जे माझ्याशी केलं तेच मी तिच्याशी करते. राग आहे अजून, इथे छातीत आहे, पण तिच्या तोंडात पेज भरवताना तो कुठे ठेवायचा तेवढं शिकले.

यंदा चवथीला तिला जनेलाजवळ कदेलावर, खुर्चीवर म्हणजे, बसवली होती. म्हणाली, त्याका घुमट आयकय, वाट बघत आसतलो. ऐकेचना. हातात माझा फोन धरून बसली, पुढे करून, जसं मी पूर्वी तिला धरायला लावायची तसं. कोणाला लावलेला नव्हता तो. मी माळ्यावरून घुमट काढलं, उन्हात ठेवलं, कातडं ताणल्यावर मांडीवर घेतलं, आणि एवढ्या वर्षांनी वाजवला तो हात. पाला कबूल केलेला. डावा उशिरा पडला, कळलं मला. तरी शेवटपर्यंत नेला.

संपल्यावर माई म्हणाली, आयकलां त्येणा?

म्हटलं, आयकलां गो माई.

देव बरें करूं, म्हणाली, आणि माझा फोन मला परत दिला.