वार माझा, आडवायचं नामानं

आमचं गाव गुंजवण्याच्या अंगाला, गडाच्या पायथ्याला, आता ते धरनाच्या पान्याखाली हाय. मी सखूबाई, लगीन होऊन भाटघरला आले ती हितलीच झाले. आमचं वडील, आबा म्हनायचो आमी, काठी फिरवायचं, त्यांचं वडील, त्यांचं बी वडील, समदेच. आबा सांगायचं, गडावर शिबंदी व्हती तवा आपल्या घरात दांडपट्टा व्हता, मग राज्य गेलं, हत्यारं सरकारात जमा झाली, नुसती काठी ऱ्हायली.

आबांना आमी दोगंच, मी आन धाकला नामा. लोकं म्हनायची पोरीच्या हातात काठी कशाला देता, आबा म्हनायचं पोरीनं मारायला शिकावं आन पोरानं सोसायला, उलटं समद्या जगात चाललंयच की. म्हनून वार माझं आन आडवायचं नामानं, रोज खळ्यात समोरासमोर, डोक्यावर, खांद्यावर, गुडघ्यावर, मी हानायची, त्यो आडवायचा. त्याचं मला आलं न्हाई, माझं त्याला आलं न्हाई, दोगांचा मिळून एक खेळ, कुनाचं काय आडत न्हवतं.

काय सांगू तुमाला, त्या काठीनं लई दिलं मला. मालक लवकर गेलं, दीर माझ्या वावरात नांगर घालाया आला, म्या नुसती काठी घिऊन बांधावर हुबी ऱ्हायले, राग मस्तकात गेलेला पर दम धरला, त्योच माघारी गेला. माझ्या वयाच्या बायका गुडघं धरून बसल्यात, मी अजून भात लावते.

आता शाळंतल्या पोरी येत्यात, आजी शिकव म्हनत्यात. शिकवते, पर निम्मंच. मारायचं दावते, आजी कुनी मारलं तर आडवायचं कसं म्हनल्या की ते नामाचं म्हनते, आन त्यांना तेच जास्त लागनार हाय. नामा शिकवनार व्हता. गाव बुडाल्यावर त्यो सारोळ्याला ऱ्हायला गेला, दिवाळी झाली की येतो म्हनला, आन दिवाळीच्या तोंडावर त्याच्या अंगावरनं वारं गेलं, उजवी बाजू गेली, वाचा बी गेली.

परवा एसटीनं गेले त्याच्याकडं. म्हनलं नामा, डाव्या हातानं तरी दाव, म्या बगून घेते, पोरींना सांगते. भावजयीनं त्याला भितीला टेकवून बसवला. म्या काठी घितली आन खांद्यावर वार केला, हळूच, लेकराला थापटत्यात तसा. त्याचं डोळं काठीसंगं फिरलं, डोळ्यांना समदं ठावं व्हतं, पर हात उचलला न्हाई. आन मला थांबता आलं न्हाई हो. वार मधीच कसा थांबवायचा ते मला कदी शिकवलंच न्हाई, थांबवायचा त्यो. काठी लागली त्याला. जल्मात पैल्यांदा माझी काठी माझ्या भावाला लागली.

भावजय रडाया लागली. त्यो रडला न्हाई, डाव्या हातानं काठीचं टोक धरून बसला, सोडंना. तशीच ठिवून आले त्याच्यापाशी. पोरींना म्हनलं, बायांनो, माझ्याकडं व्हतं तेवढं दिलं. तुमाला बी लेकी व्हतील, त्यांच्यावर कुनाचा हात न उठो, एवढंच म्हनते, दुसरं माझ्याकडं काय न्हाई.