मुळाला ॲसिड

पत्र्याचे डबे सांधणारा म्हातारा दातांच्या दवाखान्यात एवढा कडाडला की शेजारी गाल धरून बसलेल्या बाई आपली दाढ विसरल्या.

"दाताच्या मुळाला ॲसिड लावणार म्हणे! माझा दात आहे की मोरी?"

"अहो, हळू!" त्याची बायको म्हणाली. "हिरडी सुटलीय, आज नाही केलं तर दात पडेल."

"पडू दे! चल घरी."

"फुटका डबा सांधताना तुम्ही आधी काय लावता?"

"ॲसिड."

"कशाला?"

"मळ निघाल्याशिवाय पत्रा कथील धरत नाही."

"मग मुळाचा मळ निघाल्याशिवाय हिरडी तरी कशी धरेल?"

म्हातारा उठला. मग तरातरा डॉक्टरांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"लावा ॲसिड! पण नंतर धुणार किती वेळ, ते आधी सांगा. धुताना सगळे घाई करतात, अन् सांधा सुटला की म्हणतात ॲसिड वाईट!"