आत्याच्या पोटात चार नावं

हॅलो?… हॅलो, कोण?… सुनीती, तू होय! अगं कुठे आहेस? पाळणा सजला, पाहुणे येऊन बसले, आणि बाळाच्या आत्याचाच पत्ता नाही… सरोजिनी नगरहून निघालीस ना?… मेट्रोत? बरं, बरं. कुठवर?… लाजपत नगर. चलो, मयूर विहारला उतरलीस की रिक्षा कर, चालत बसू नकोस…

काय झालं? आवाज असा का?… हो, हो… अगं हळू. एकेक सांग. मला काही कळत नाहीये.

कोणी सांगितलं नाव?… जयंतानं? मग झालं तर. बापानं सांगितलं तेच म्हणायचं कानात… बाबांनीही सांगितलं? वेगळं?… अगं बाई! आणि दोघांनीही बजावलं, कुणाला बोलू नकोस म्हणून?… थांब, एक मिनिट हं… भैया, वो टेबल इधर नहीं, बालकनी में!… हां, बिल्कुल… हं, बोल. केटरर गं. बारशाला घुगऱ्या सांगितल्या होत्या, याने छोले आणलेत. वर मलाच म्हणतो, आंटीजी, चना तो चना है.

तर काय म्हणत होतीस? जयंताचं कोणतं?… आयरा? अगं आपल्या सोसायटीतच तीन आयरा आहेत! पार्कात एकीला हाक मारली की तिघी धावत येतात… आणि बाबांचं?… त्रिपुरसुंदरी! डोकं फिरलंय यांचं. एवढंसं पोर, त्याला ते नाव पेलायचं कसं?… नाही गं, ओरडत नाहीये. समोरच सोफ्यावर बसलेत, गालातल्या गालात हसत. वाटतंय, आपलंच पक्कं.

माझं? मी कुठे काय सांगितलं?… अच्छा, ते! शर्वाणी बरं वाटतं, असं सहज म्हणाले होते. ते धरून बसलीस तू?… मी बजावलं? कुणाला सांगू नकोस म्हणून?… म्हणाले असेन. बारशाच्या घरात सगळेच म्हणतात.

म्हणजे तीन झाली… चौथंही आहे? ते कुणाचं आणखी?… लतिकाचं? सूनबाईनं कधी सांगितलं? ती तर तोंडातून शब्द काढत नव्हती. आम्ही नावं सुचवून दमलो आणि ही आपली, "चालेल आई, छान आहे आई." मला वाटलं, हिला नावाची काही हौसच नाही… काय म्हणाली? साधं हवं, आणि आसपास कुणाचं नको… बरोबर आहे की मग. मीही तेच म्हणत होते. कोणतं पण?… नाही सांगणार? वा! सगळ्यांची भडाभडा सांगितलीस आणि हिचंच तेवढं गुपित?… अगं ऐक ना, आईपासून काय लपवायचं… हं… हं…

काय?

परत म्हण… नाही, ऐकू आलं. तरी परत म्हण.

कुमुद.

… हो, आहे मी. आहे. जरा आतल्या खोलीत जाते. दार लावू दे… हं.

तिला कुठून कळलं ते?… विश्वनाथमामाचा फोन? अच्छा, तो फोन! दिवाळीच्या सुमाराचा. अगं, माझा मोबाइल चार्जिंगला लावलेला, लतिकानं उचलला. मामा अकोल्याहून नव्या नंबरावरून बोलत होता. "कुमुद आहे का?" हिनं सांगून टाकलं, "इथे कुमुद कोणी नाही, राँग नंबर," आणि ठेवून दिला! तिला बिचारीला काय ठाऊक? लग्नात नाव बदललं ना माझं. ताटातल्या तांदळात अंगठीनं विजयालक्ष्मी लिहिलं, सगळ्यांना पेढे दिले, झालं. तुम्ही मुलंसुद्धा समजायचात, मामा 'कुमे' म्हणतो ते लाडानं… हो ना, किती दिवस फुगून होता तो! "माझ्या बहिणीच्याच घरी मला सांगतात, ती इथे नाही म्हणून." मी हसले होते तेव्हा. लतिका नाही हसली.

मग? तुला काय म्हणाली ती?… असं म्हणाली? पुन्हा कुणी विचारलं तर 'आहे' म्हणता आलं पाहिजे?…

नाही गं, सर्दी झालीय जरा…

छे, सर्दी कसली. रडतेय मी. रडू नको तर काय करू?

पण नको गं सुनीती. जुनं नाव ते. शाळेत पोरं चिडवतील… आणि बाबांना काय वाटेल? त्यांच्या आईनं हौसेनं बदललेलं… शिवाय आजी धडधाकट असताना तिचं नाव नातीला ठेवतात का कुठे?… काय म्हणतेस? आधारवर विजयालक्ष्मी आहे, कुमुद कुणीच नाही?… तेही खरंच. माझंच नाव, आणि माझं नाही. कुणाचंच नाही. यार सुनीती, तू मला आणखी गोंधळात टाकलंस… नाही, नको म्हणत नाहीये. हो पण म्हणत नाहीये. मला विचारूच नका! मान आत्याचा आहे, तू बघ काय ते.

हॅलो?… यमुनेच्या पुलावर आलीस? आवाज तुटतोय… हं, आता येतोय. काय? जयंता चिडेल? चिडू दे. दोन दिवस चिडेल, मग तोच हाका मारत फिरेल. बाबांचं मी बघते…

थांब, हे बोलावतायत… आले हो!… ऐकलंस? विजया, अगं विजया. लग्न झाल्यापासून तेच चाललंय. वाईट नाही गं ते नाव. सवय झाली. पण…

नाही, काही नाही. ठेव तू. स्टेशन येईल… अगं, ऐक, ऐक! ठेवू नकोस. तू कुर्र करशील ना, तेव्हा बायका तुझ्या पाठीत धपाटे घालतील, हसतील, नुसता गलका होतो. त्यात नाव कुणाला ऐकूच जात नाही… हो, बाळाच्या कानात सांगायचं असतं, माहीत आहे मला. तरी जरा मोठ्यानं म्हण.

मी पाळण्याच्या या बाजूला उभी असते.