धुक्यातला पहिला नंबर

लालासाहेब : पैला नंबर म्हंजे पैला नंबर, सर. आनि हा तक्ता तुमीच केलाय.

अजितकुमार : मीच केलाय, म्हणून सांगतोय. त्याच्यावर जाऊ नका.

लालासाहेब : कमाल हाय. मास्तरनंच पेपर तपासायचे आनि मास्तरनंच म्हनायचं, मार्क बघू नका! सबंध फुटबॉल लीगमदी माझ्या महाबळेश्वरच्या पोरींनी दोन गोल खाल्ले, तुमच्या माधवनगरच्या पोरींनी एकोनीस. आता सातारा-सांगलीच्या एकत्र संघात उजवी बॅक कुनाची घ्यायची, हे शेंबडं पोरगं बी सांगंल. निवड करायला आपुन दोघंच हाय. आमच्या संघातल्या रेश्माचं नाव लिवा, चहा प्या, निगा.

अजितकुमार : ते दोन गोल कुठे खाल्ले तुम्ही?

लालासाहेब : सांगलीत.

अजितकुमार : आणि महाबळेश्वरात?

लालासाहेब : घरच्या मैदानावर एक बी न्हाई.

अजितकुमार : ऑगस्टमध्ये तुमच्या घरच्या मैदानावर मी रेषेलगत उभा होतो. मला माझा बूट दिसत नव्हता.

लालासाहेब : धुकं दोन्ही संघांस्नी असतंय.

अजितकुमार : असतं की. पण कऱ्हाडच्या मुलींचा गोल झाला का नाही, हे रेफरीनं तुमच्या गोलकीपरला विचारलं.

लालासाहेब : आमची गोलकीपर खोटं बोलत न्हाई.

अजितकुमार : तिलाही काही दिसलं नव्हतं.

लालासाहेब : म्हनून तर 'म्हाईत न्हाई' म्हनली. जे कुनालाच म्हाईत न्हाई ते धरायचं कसं?

अजितकुमार : बॉल नंतर जाळीत सापडला, लालासाहेब.

लालासाहेब : उतार हाय तिकडं.

अजितकुमार : बरं. आणि वाईचा संघ? त्यांची गाडी घाटात बंद पडली, ते आलेच नाहीत. त्या दिवशी तुम्ही शून्य गोल खाल्ले, असं तक्त्यात आलंय.

लालासाहेब : ते आले न्हाईत, ह्यात आमच्या बचावाचा काय दोष?

अजितकुमार : काही नाही. आता राजेश्वरीचं बोलू.

लालासाहेब : बोला. तुमच्या संघाची हाय.

अजितकुमार : मुलगी तुमची आहे.

लालासाहेब : त्याचा हितं संबंध न्हाई. तक्ता बघा. बॉल हिसकावण्यात तिचं नाव पार खाली. एकोनीस गोल हुताना ही काय करत हुती?

अजितकुमार : उजवीकडे उभी होती. सगळेच्या सगळे गोल डावीकडून झाले.

लालासाहेब : म्हंजे नुसती उभी. भरपगारी रजा.

अजितकुमार : उजवीकडे कुणी येतच नाही हो. सुरुवातीला एकदा येऊन बघतात, मग फिरकत नाहीत. कऱ्हाडची ती चपळ फॉरवर्ड आहे ना, ती हाफटाइमला कोचला म्हणाली, मला दुसऱ्या बाजूला टाका. जो बॉल आलाच नाही तो तक्त्यात कुठल्या रकान्यात घालू? त्यात आमची गोलकीपर बॉल आला की डोळे मिटते.

लालासाहेब : मंग बदला की तिला.

अजितकुमार : तिच्या वडिलांनी जर्सी दिल्यात.

लालासाहेब : हां. मंग अवघड हाय.

अजितकुमार : राजेश्वरी या वर्षी राज्य स्पर्धेला गेली नाही, तर पुढच्या वर्षी वयात बसत नाही.

लालासाहेब : म्हाईत हाय. जन्मली तवा मी रजा काढून आल्तो. पन सर, लोक काय म्हनतील? बापानं लेक घुसडली म्हनतील.

अजितकुमार : लोकांना माहीत आहे, तुम्ही दोन वर्षं तिच्याशी बोलत नाही.

लालासाहेब : ती बोलली व्हय असं?

अजितकुमार : ती कुठली बोलतेय! त्या बाबतीत तुमच्यावर गेलीय. तुमच्या संघातल्या मुली सांगतात. सगळ्यांसमोर काहीतरी म्हणाली होती म्हणे.

लालासाहेब : 'आबा, आपला बचाव आपुन करत न्हाई, धुकं करतंय.' असं. पैला नंबर आलेला, मी पेढ्याचा पुडा फोडत हुतो आनि ही असं म्हनली.

अजितकुमार : मग तुम्ही?

लालासाहेब : म्हनलं, जा खाली, उनात खेळ जा. गेली. सांगलीत नर्सिंगला नाव घातलं आनि तुमच्याकडं खेळाय लागली. फौजेत उभी हयात हुकूम दिले सर, पन इतक्या लवकर कुनी मानला न्हाई.

अजितकुमार : त्यानंतर तिला खेळताना बघितलंत तरी का?

लालासाहेब : पलूसला एक सामना बघितला.

अजितकुमार : मला दिसला नाहीत तुम्ही.

लालासाहेब : पलीकडं उसाच्या कडंला उभा हुतो. लोकांस्नी वाटलं, रानमालक असंल. एकानं पान्याची पाळी कवा हाय म्हनून इचारलं. मंगळवारी म्हनून सांगितलं.

अजितकुमार : आणि खेळ?

लालासाहेब : बॉल यायच्या आदी ती मान वळवून मागं बघती. दोनदा. कोन कुठं हाय ते डोक्यात ठेवती, आनि बॉल जिथं येनार तिथं आदीच जाऊन उभी ऱ्हाती. म्होरची पोरगी पळत आली, हिला बघितलं आनि बॉल घेऊन माघारी गेली. हिनं पाय बी उचलला न्हाई. ही अक्कल माझ्या एका बी पोरीला न्हाई, सर. लय बरं वाटलं बघून. आनि लय वाईट बी वाटलं. शाबास म्हनायचं तर मी उसात.

अजितकुमार : अहो, मग मघापासून तक्ता कशाला धरून बसलाय?

लालासाहेब : तिला घेतली, म्हंजे ती म्हनली ते खरं म्हनल्यागत हुतंय.

अजितकुमार : ते खरंच आहे.

लालासाहेब : ते ठावं हाय. म्हनायचं तेवढं ऱ्हायलंय.

अजितकुमार : काय लिहू मग?

लालासाहेब : लिवा. उजवी बॅक, राजेश्वरी. आनि रेश्माला राखीव घ्या. मर मर मरती पोरगी. धुकं काय तिनं आनलं न्हवं.

अजितकुमार : लिहिलं. आता राजेश्वरीला फोन करा.

लालासाहेब : तुमी करा. माझा फोन बघून तिला वाटंल, आईला काय तरी झालं.

अजितकुमार : मग आधी तेवढं सांगून टाका.

(लालासाहेब फोन लावतात. पलीकडून लगेच उचलला जातो.)

लालासाहेब : आई बरी हाय... व्हय, मीच... न्हाई, कुनीच आजारी न्हाई. अगं, राज्य स्पर्धेला उजवी बॅक म्हनून तुला घेतलीया... वशिला कसला? दोन तास भांडलो मी, घिऊ नका म्हनून. इचार सरांस्नी... आनि ते धुक्याचं. बरोबर हुतं तुझं... ऐकू आलंय तुला, परत न्हाई म्हननार... बरं बाई. बरोबर हुतं तुझं.