बाराच्या ठोक्याचा गॅरल्ड

नोरीनच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. कॅन्ससमधल्या एका दवाखान्यात नोरीन गुडघा दाखवायला बसली होती. शेजारी म्हातारे बहीणभाऊ बोलत होते.

"वर्लिन, आज छातीच्या ऑपरेशनला हो म्हणून टाक."

"गॅरल्ड नको म्हणाला."

"रेडिओवरचा? अरे, तो जानेवारीतच गेला. आता त्याच्या जुन्या टेपा लावतात."

"तीस वर्षं रोज दुपारी बाराला ऐकलंय त्याला. आधी डुकरांचे भाव वाचायचा, मग वॉशिंग्टनवाल्यांची सालटी काढायला लागला. कधी चुकला का?"

"दर निवडणुकीला."

"काल गाडीत विचारलं त्याला, छाती उघडू देऊ का? म्हणाला, वर्लिन, गहू निघाल्याशिवाय हात लावू देऊ नकोस."

"त्या टेपेत तूच त्याच्या कार्यक्रमाला केलेला जुना फोन होता. कोठाराचं छप्पर बदलू का, असं विचारलं होतंस तू."

"असेल. पण ओपल, मी काल विचारलं आणि त्यानं कालच सांगितलं."

नर्सनं वर्लिनचं नाव पुकारलं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

"बारा वाजले. एकदा त्याला विचारून येतो."

तो बाहेर गाडीत रेडिओ लावून बसला, तो परत आत आलाच नाही.

वर्लिन ऑपरेशन न करताच सहा जूनला वारला. गहू अजून शेतात उभा होता.